बॅलेच्या ऑडिशनला सिडनी, आणि दारातला माझा आगाऊपणा

लॉकडाऊन उठल्यावर लोक समुद्राकडे पळाले. आम्ही मात्र गुंगालिनहून सिडनीला निघालो ते आमच्या तेरा वर्षांच्या ईराच्या बॅले ऑडिशनसाठी. पोरगी गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनला धरून झूमवर शिकली होती. सुट्टीतल्या खास कोर्सला नंबर लागावा म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं.

रस्ता सरळ, तीन-सव्वातीन तासांचा. गोलबर्नला जरूर थांबा. तिथे सिमेंटचा अवाढव्य मेंढा आहे आणि पाय मोकळे करायला जागा आहे. आमचे धपाटे घरचेच, खर्च काय तो कॉफीचा.

मी पुण्यात कथक शिकलेली, त्यामुळे गाडीत शिष्टपणा सुरूच. "आपलं नृत्य म्हणजे साधना गं. तुमचं काय, फ्रॉक घालून गिरक्या!"

"आई, इट स्टार्टेड ॲट रॉयल पार्टीज, ओके? इटलीत. मग फ्रान्सला गेलं, तिथे राजा स्वतः नाचायचा. उभं कसं राहायचं, वाकून बो कसा करायचा, ऑल कोर्ट मॅनर्स. बायकांचे स्कर्ट लांब, हेवी होते. ते छोटे झाले तेव्हा कुठे पाय दिसले. मग त्या बोटांवर उभ्या राहिल्या."

गाडी चालवता चालवता माझा नवरा मंदार तिला प्रश्न विचारत होता. मी नुसतं हो हो करत फोन बघत होते.

सिडनीत शिरल्यावर वेंटवर्थव्हिलला मसाला डोसा खाल्ला. शनिवारी तिथे पार्किंगची बोंब असते, लवकर पोचा.

स्टुडिओच्या दारात ऑडिशन घेणाऱ्या साठीच्या बाई मास्क लावून उभ्या होत्या. क्यूआर कोड स्कॅन झाला आणि मी ईराला कोपर मारलं. "बाईंच्या पाया पड."

"आई, प्लीज, नको."

"पड म्हणते ना!"

ती बिचारी वाकली. बाई दोन्ही हात वर करून मागे उडाल्या. "डिस्टन्स, डार्लिंग! प्लीज!" रांगेतल्या सगळ्या आया बघायला लागल्या. कोणीतरी सॅनिटायझर पुढे केलं. ईराचे कान लालबुंद. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. महामारीत, पोरीच्या परीक्षेच्या दारात, मला संस्कार दाखवायची खाज!

आम्ही बाहेरून काचेतून बघत होतो. पहिल्याच स्टेपला ती अडखळली. ते माझंच पाप. मग सावरली. शेवटी सगळ्या मुली ओळीत आल्या, एक पाय मागे, हात पसरून सावकाश वाकल्या, आधी बाईंसमोर, मग पियानोवाल्यासमोर. ईराही वाकली. बाईंनी लांबूनच छातीवर हात ठेवून मान झुकवली.

"हाच तो दरबारातला बो," मंदार म्हणाला. "सकाळी सांगत नव्हती का ती?"

सांगत होती. गुरूला नमस्कार तिच्या नाचातच होता, आणि मी तिला तो शिकवायला निघाले होते. माझा चष्मा धुरकटला, मास्कमुळे म्हणा हवं तर.

येताना गोलबर्नला मी म्हटलं, "चुकलं गं माझं. खूप लाज वाटतेय."

"इट्स फाइन, आई." आणि तिने इअरफोन घातले.

तुम्ही जाणार असाल तर जाच, रस्ता सुंदर आहे. फक्त मुलं गाडीत बोलतात ते ऐका.

आठवड्याने ईमेल आली. निवड झाली! मी तिच्या हातावर साखर ठेवली. "कधी निघायचं गं आपण?"

ईरा साखर चाटत म्हणाली, "बाबा येईल माझ्याबरोबर. तुला काम असेल ना."

त्या आठवड्यात मला सुट्टी आहे, हे तिला माहीत होतं.