ओरिजिनल घरी, झेरॉक्स खिशात

"मास्तर, काउंटरवाला बोलतो ओरिजिनल लायसन दाखवा. आता काय करू?"

सकाळचे साडेसात वाजले होते. फोन न्यूझीलंडहून होता आणि बोलत होते सापगावचे काशिनाथतात्या. तिकडे दुपार झालेली. भाड्याची गाडी समोर उभी, पण चावी काही मिळत नव्हती.

"मग दाखवा की," मी म्हणालो.

"ते घरी पेटीत हाय. तुमीच तर शिकवलं ना, ओरिजिनल घरी, झेरॉक्स खिशात!"

मंत्र माझाच होता.

शहापुरात मी पंचवीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. स्मार्ट कार्ड यायच्या आधी लायसन म्हणजे एक छोटी पुस्तिका असायची. ती घामानं भिजायची, नाहीतर पाकिटाबरोबर हरवायची. दुसरी काढायची म्हणजे आरटीओला खेपांवर खेपा. म्हणून शेवटच्या दिवशी प्रत्येकाला मी हा मंत्र द्यायचो. तो नियमात बसत नव्हता, पण अख्ख्या तालुक्यानं पाळला.

तात्या खरं तर माझे गुरू. तरुणपणी ते भातगिरणीचा टेम्पो चालवायचे. मुरबाडच्या बाजाराला जाताना मला शेजारी बसवून त्यांनीच क्लच शिकवला. "अंड्यावर पाय हाय असं समज आनि सोड रे," म्हणायचे. पुढे भातसानगरला धरणावर सरकारी जीपवर लागले ते रिटायर होईपर्यंत. त्या जीपमध्ये साहेब बसले, साहेबांचे पाहुणे बसले, त्यांची बायको, आमच्या काकी, मात्र कधीच बसल्या नाहीत. सरकारी गाडीत घरचं माणूस घ्यायचं नाही म्हणजे नाही. एकदा भर उन्हात काकी गवताचा भारा घेऊन चाललेल्या आणि तात्या बाजूनं जीप घेऊन गेलेले मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मला हसू आलं होतं. आता आठवलं की गलबलून येतं.

न्यूझीलंडला नोकरीला गेलेल्या मुलानं दोघांची तिकिटं पाठवली, तेव्हा तात्यांची एकच इच्छा होती. "तिला पुढच्या सीटवर बसवून मी चालवनार." मुलाला गाडी येत नव्हती, त्यामुळे तेही जमून आलं. तिकडेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. प्रश्न फक्त लायसनचा होता.

याचं उत्तर सगळीकडे सारखं नसतं. काही देशांत इंग्रजीतलं, नीट वाचता येणारं आपलं लायसन चालतं. काही ठिकाणी इंटरनॅशनल परमिट लागतंच. शिवाय गाडी देणारी कंपनी आपल्या अटी घालते ते वेगळंच. आणि परमिट इथूनच काढून न्यावं लागतं, तिकडे गेल्यावर सुचून उपयोग नाही. तात्यांची पुस्तिका अर्धी मराठीत, अर्धी पुसट. मी म्हटलं, काढूनच टाकू. फॉर्म, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, डॉक्टरचा दाखला, सगळं मी जातीनं केलं. एवढंच सांगायचं राहिलं की परमिट म्हणजे लायसनचं फक्त भाषांतर. मूळ लायसन सोबत नसेल तर त्या भाषांतराला कोण विचारतो?

तात्यांनी काउंटरवर परमिट ठेवलं आणि लॅमिनेट केलेली झेरॉक्स ठेवली. झेरॉक्समध्ये फोटोच्या जागी काळा डाग होता.

परतीला सहा दिवस उरले होते आणि कुरिअरला आठ-दहा लागले असते. तरी स्कूटर काढून मी सापगावला गेलो. तात्यांच्या भावानं पेटी उघडली. वर काकींचा शालू, खाली जमिनीचे कागद. लायसनची प्लास्टिकची पिशवी सापडली, पण रिकामी. पेटी पुरती उपसली तरी पुस्तिका नाही. एसटीडी-आयएसडी बूथवरून फोन लावून तात्यांना खरं ते सांगितलं.

"बरं," एवढंच ते बोलले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी स्कूलमधला फोन वाजला. या वेळी काकी होत्या, मुलाच्या घरून.

"मास्तर, ह्यांचं बुक शोधताय का तुमी? ते माझ्याकडं हाय."

"तुमच्याकडे? कसं काय?"

"सुनेला दाखवाया आनलं. ह्यांचा लगनाच्या टायमाचा फोटो तेवढाच हाय. झेरॉक्समधी तोंड काळं आलंय, मानूस दिसत नाय."

"अहो, मग सकाळी बोलला का नाहीत?"

"मी घरी व्हते. मला कोनी विचारलंच नाय."

दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली. परत आल्यावर तिथला एक फोटो त्यांनी मला आणून दिला. तात्या स्टिअरिंगवर, ताठ, साहेब मागे बसल्यासारखे. शेजारी काकी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. "कसं वाटलं?" मी विचारलं. काकी म्हणाल्या, "उनात चालताना जीप लई लवकर पुढं जायाची. तवा वाटायचं, आत कसं असंल? आता बघितलं."

मी मंत्र बदलला: ओरिजिनल जवळ ठेवा, झेरॉक्स घरी. पुढे स्मार्ट कार्डं आली, माझी शिकवायची फियाट भंगारात गेली. तात्याही गेले.

त्या पुस्तिकेची मुदत केव्हाच संपली. काकी ती अजून पिशवीत घेऊन फिरतात. ओरिजिनल जवळ ठेवावं, हे त्यांना मास्तरच्या आधी कळलं होतं.