मिझगावचे कंट्रोलर

माझे सासरे मला अहो-जाहो करतात. हसू नका. सासूबाई गेल्यावर केदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना दहिवडीहून इकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला आणलं, तेव्हापासून हा माणूस आमच्या घरात पाहुण्यासारखा राहतोय. "रुचा, तुम्हांला वेळ असेल तर चहा टाकता का? नसेल तर राहू दे." आमटीत मीठ दुप्पट पडलं तरी "छान झालीय". अहो, कधीतरी खेकसा ना माझ्यावर! माझी आई फोनवर रोज खेकसते, किती बरं वाटतं. ह्यांच्या गोड बोलण्याने माझा जीव गुदमरतो.

दहिवडीला बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या. इथे काय पुकारणार, कपाळ! म्हणून आमच्या लेकीने, इलाने, बेसमेंटमधल्या टीव्हीवर त्यांना जपानमधल्या एका खेड्यातल्या स्टेशनचा लाइव्ह कॅमेरा लावून दिला. नाव मिझुनोसावा. बाबांनी त्याचं मिझगाव केलं. एक फलाट, एक बाक, मागे मुळ्याची शेतं आणि डोंगर. गाडीला डबा एकच. आमची संध्याकाळ ती त्यांची सकाळ. मी ऑफिसमधून दमून घरात शिरते तर खालून खणखणीत आवाज, "मिझगावहून सुटणारी, डोंगरवाडीमार्गे जाणारी गाडी फलाटाला लागत आहे. प्रवाशांनी घाई करू नये."

प्रवासी कुठले, एकच! गवती टोपी घातलेली एक म्हातारी. बाबांनी तिला यमुनाबाई करून टाकलं. मग शेजारचे रवींद्रकाका आणि एकनाथकाका तिला पोचवायला यायला लागले. हो, पोचवायला, चिवड्याचा डबा घेऊन. गाडी हलली की तिघंही टीव्हीला हात करणार, "सावकाश जा हो!" रवींद्रकाका तर कॅमेऱ्याखाली रोज कॉमेंट टाकायचे, "गुड मॉर्निंग, हॅट लेडी."

एक दिवस यमुनाबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडा गेला, गाडी आपली रिकामीच. बाबांनी पुकारणं थांबवलं. ताटात वाढलेलं तसंच राहायला लागलं. रवींद्रकाका माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तिला सून त्रास देत असेल." मी चिवड्याचा डबा उचलून वर नेला.

नेमकं तेव्हाच मला कामासाठी ओसाकाला जायचं होतं. बाबा दारात घुटमळले. "रुचा, तुम्हांला सवड झाली तर जरा मिझगावला... नाही झाली तरी चालेल हं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे चहाखेरीज काही मागितलं होतं. बाई गं, मी चंद्रावरसुद्धा गेले असते!

गाड्या बदलत बदलत गेले. मिझगावला उतरणारी मी एकटीच. लगेच फोन वाजला. "पोचलात का? जरा डावीकडे व्हा, बाक झाकताय." मी कॅमेऱ्याकडे बघून हात केला. फोनमध्ये तीन म्हातारे टाळ्या पिटत होते.

यमुनाबाई सापडायला काय वेळ! स्टेशनमागच्या शेतात, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात मुळे उपटत होत्या, टोपी तीच. चांगल्या धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला. मोबाइलमधल्या भाषांतरावर विचारलं, गाडीला का येत नाही? तर बाई लाजून लाल! नातवाने त्यांना सांगितलं होतं, अमेरिकेतून कुणी पुरुष तुला रोज गुड मॉर्निंग घालतो. रोज तीच मळकी विजार घालून त्याच्यापुढून कसं जायचं? म्हणून त्या मागच्या बांधावरून जाऊन बस पकडत होत्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग त्यांनी हाताला धरून घरी नेलं. चहा झाला, खारवलेला मुळा झाला, खाणाखुणांवर गप्पा अशा रंगल्या की विचारू नका. फोन बाहेर चपलांजवळ पर्समध्ये. परतीची गाडी निघून गेली तेव्हा मी दुसऱ्यांदा भात घेत होते.

बाहेर येऊन बघते तर मिस्ड कॉलची रांग. तशीच फलाटावर धावले, तोच पुन्हा वाजला. मी उचलला.

"अगं ए शहाणे! गाडी गेली की डोळ्यांदेखत! कान फुटले काय तुझे? शेतात शिरलीस ती शिरलीस, बाहेर पडायचं भान नको? आता दुपारपर्यंत गाडी नाही. परका मुलूख, एकटी पोर... काही झालं असतं तर काय केलं असतं मी?" आवाज पार फाटला होता.

ऑफिसात सगळ्यांना हाकणारी मी, फलाटावर मान खाली घालून उभी. "चुकलं, बाबा."

"चुकलं म्हणे! काही खाल्लंस का तरी?"

मी ढसाढसा रडायलाच लागले. मागून यमुनाबाई धावत आल्या, पाठीवर हात ठेवला, घाबरून मोबाइलपुढे काहीतरी बोलल्या. पडद्यावर मराठी उमटलं, "वाईट बातमी आहे का?"

मी टाइप केलं, "नाही. सासरे मला तू म्हणाले."

त्यांनी ते त्यांच्या भाषेत वाचलं. परत वाचलं. बराच विचार करून बोलल्या, आणि मोबाइलने मला विचारलं, "सासरे तुम्हांला 'तुम्ही' म्हणाले, मग त्यात रडण्यासारखं काय आहे?"

"नाही हो, तू!" मी ओरडले, "तू म्हणाले, तू!"