आप्पांची खूण आणि माझी चार डझन केळी

चहा आधी ओतून घ्या. कारण हे सांगताना मी मध्येच थांबलो, तर पुन्हा सुरू करायची माझी हिंमत होणार नाही. माणूस चुकतो, कबूल. पण तीस माणसांना मागे घेऊन, हसत हसत, वर हात हलवत चुकलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? तो हा तुमच्यासमोर बसलाय.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पस्तीस वर्षं माथाडी होते. डोक्यावर गोणी आणि तोंडात "बाजू, बाजू". आवाज असा, की त्यांनी मार्केटच्या एका टोकाला "बाजू" म्हटलं की दुसऱ्या टोकाचा टेम्पो आपोआप मागे सरकायचा. तीन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. आता ते गळ्याला केलेल्या छोट्याशा भोकातून श्वास घेतात, त्यावर पांढरा रुमाल बांधतात आणि हातांनी बोलतात. मी हौसेनं पाटी-पेन्सिल आणून दिली होती. पण चौथी शिकलेला माणूस, एक ओळ लिहायला पाच मिनिटं. दोन दिवसांत पाटी कपाटावर गेली.

लोक मला विचारायचे, "मग त्यांचं बोलणं कळतं कसं तुम्हाला?"

मी म्हणायचो, "अहो, मुलगा आहे मी त्यांचा. आता मीच त्यांचा आवाज."

हे वाक्य मला इतकं आवडायचं, की मी ते ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, दोन लग्नांत आणि एका बारशात वापरलं. आई मात्र म्हणायची, "त्यांनी पाणी मागितलं की तू पंखा लावतोस." बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते, असं म्हणून मी सोडून दिलं.

आमच्या ऑफिसातल्या शिल्पा मॅडम एक सायकलिंग ग्रुप चालवतात. आप्पांची हकिकत ऐकून त्यांनी ठरवलं की आप्पांच्या नावानं एक राइड काढायची आणि त्यातून जमलेल्या पैशांत मार्केटातल्या माथाडी कामगारांची तोंडाची, घशाची तपासणी मोफत करून द्यायची. रविवारी सकाळी सानपाड्याहून निघायचं, पाम बीच रोडनं सरळ शेवटच्या सिग्नलपर्यंत जायचं, तिथून डावीकडे वळून आतल्या रस्त्यानं सीवूड्सच्या मैदानावर यायचं. तिथे आप्पांचे जुने सोबती येणार, चहा-पोहे, दोन शब्द. आणि सगळ्यात पुढे कोण? अर्थात मी.

हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि दोन्ही मुठी गोल फिरवून हवेत पायडल मारून दाखवलं. एवढं मलाही कळलं.

"छे छे आप्पा, तुमी पाहुणे. तुमच्या नावानं राइड आहे. तुमी आरामात खुर्चीत बसायचं."

 ते उठून गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, भारावले.

आदल्या संध्याकाळी जेवताना ते मला काहीतरी समजावत होते. हात सरळ पुढे न्यायचा, मग पंजा बाकदार करून डावीकडे झुकवायचा. पुन्हा सरळ, पुन्हा बाक. आता तुम्हीच सांगा, बाकदार म्हणजे काय?

"केळी," मी म्हटलं. "बरोबर आप्पा. सायकलवाल्यांना केळी लागतातच. आणतो."

त्यांनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, खरंय, विसरलोच होतो. लगेच खाली जाऊन चार डझन केळी घेऊन आलो.

खरी गोष्ट अशी होती की शेवटच्या सिग्नलला रस्ता खणून ठेवला होता. म्हणून वळण अलीकडेच, सीवूड्सच्या सिग्नलला घ्यायचं ठरलं होतं. शिल्पा मॅडमनी तसा मेसेज आम्हा आयोजकांच्या ग्रुपवर टाकला होता. शिवाय घरी येऊन आप्पांना विनंती केली होती की त्या वळणावर लाल झेंडा घेऊन तुम्ही उभे राहा. मी मेसेज वाचला नव्हता. मी मैदानावर करायच्या भाषणात 'मीच त्यांचा आवाज' सुरुवातीला घ्यावं की शेवटी, या विचारात होतो.

रविवारी आप्पा शिल्पा मॅडमच्या गाडीतून पुढे गेले. मला वाटलं, मैदानावर गेले. आम्ही साडेसहाला निघालो. पाठीवरच्या सॅकमध्ये केळी, मागे तीस सायकली, रस्ता मोकळा, खाडीकडून गार वारा. एरवी सोसायटीच्या गेटपर्यंत दम लागणारा मी त्या दिवशी हवेत होतो.

सीवूड्सचा सिग्नल आला आणि बघतो तर रस्त्याच्या कडेला आप्पा. हातात लाल झेंडा. मला गहिवरून आलं. म्हातारा खुर्ची सोडून पोराला बघायला रस्त्यावर आला.

आप्पांनी झेंडा डावीकडे केला. मी हात हलवला. त्यांनी कालचीच खूण केली, सरळ आणि मग बाक.

"आणलीत आप्पा," मी पाठीवरची सॅक थोपटून ओरडलो. "चार डझन आणलीत."

मागून एकजण म्हणाला, "सर, ते डावीकडे वळा म्हणतायत बहुतेक."

"अहो, माझे वडील आहेत ते. मला त्यांची भाषा कळते. ते म्हणतायत, थांबू नका."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून आमच्या पुढ्यात रस्त्यावर फेकली. आता आनंदानं टोप्या उडवतात की नाही लोक? मी तिला वळसा घालून पुढे निघालो. माझ्यामागे तीसजण शिस्तीत वळसा घालून निघाले.

शेवटच्या सिग्नलला आलो तर डावीकडचा रस्ता खणलेला. पत्रे उभे. आता एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? थांबून फोन केला असता. मी म्हटलं, "काही टेन्शन नाही, पुढून वळू." पुढे म्हणजे खाडीवरचा पूल, आणि पुलाच्या पलीकडे उलवे. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर याच रस्त्यानं धावतात. पहिला ट्रेलर इतक्या जवळून गेला की माझी सायकल वाऱ्यानं हातभर सरकली.  वळायला जागा नव्हती आणि थांबायची भीती वाटत होती.

तेवढ्यात मागून घंटी वाजायला लागली. एकसारखी, न थांबता. वळून बघायची सोय नव्हती. बाजूच्या मुलीनं सांगितलं, "पाववाला आहे कोणीतरी." पाववाल्यांना सकाळी घाई असते. मी हातानं खूण केली, जा बाबा पुढे.

तो पुढे आला. काळी जुनी सायकल, मागे पावाची भली मोठी क्रेट, आणि पायडलवर उभे राहून चढ चढणारे आमचे आप्पा. वय चौसष्ट. डोकं उघडं, गळ्याचा रुमाल घामानं भिजून चिकटलेला. सिग्नलजवळ पाव टाकायला आलेल्या माणसाची सायकल त्यांनी हात जोडून मागून घेतली होती. गिअरच्या सायकलींवरची आमची तरणीताठी पोरं धापा टाकत होती, आणि हा माणूस गळ्यातून श्वास घेत सगळ्यांना मागे टाकून आला.

त्यांनी सायकल आमच्यापुढे आडवी लावली आणि एक हात वर केला. तीसच्या तीस जण जागच्या जागी थांबले. हात कडेला नेला, सगळे कठड्याला लागले. दोन बोटं पुढेमागे केली, सगळ्यांनी एकामागोमाग एक रांग धरली. एकालाही काही विचारावं लागलं नाही. मग आप्पांनी मार्केटात गोणी मोजायचे तशी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून माणसं मोजली. सगळी भरली तेव्हा कुठे ते जरा वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. रुमाल भात्यासारखा आतबाहेर होत होता.

मघाचीच मुलगी मला म्हणाली, "काय चालवतात हो. मग राइडमध्ये का नव्हते? डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "मी सांगितली होती."

हे तोंडातून बाहेर पडलं तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. तीन वर्षांत आप्पांनी कशाकशासाठी छातीवर बोट ठेवलं होतं, आणि मी दर वेळी "तुमी बसा" म्हटलं होतं, ते सगळं त्या पुलावर आठवलं.

पुलाखालून फिरून यायची वाट आप्पांना माहीत होती. परत येताना सगळ्यांना त्यांनी डाव्या कडेला ठेवलं आणि स्वतः ट्रेलरच्या बाजूनं चालले. मी शेवटी होतो. कोणी सांगितलं नव्हतं, मीच जाऊन शेवटी लागलो होतो.

मैदानावर पोहोचलो तेव्हा पोहे गार झाले होते. शिल्पा मॅडमनी गाडीतून आणलेला पाववाला गेटपाशी काळजीत उभा होता, पण आमच्या भुकेल्या मंडळींनी त्याचा सगळा पाव तिथेच चहाबरोबर संपवला, तेव्हा तो आप्पांनाच नमस्कार करून गेला. आप्पांचे मार्केटातले सोबती तपासणीसाठी रांगेत बसले होते. सगळ्यात पुढे तुकारामकाका. वीस वर्षं आप्पांच्या जोडीनं त्यांनी गोण्या उचलल्या होत्या, आणि मार्केटच्या कलकलाटात दोघांचं बरंचसं बोलणं तेव्हाही हातांनीच चालायचं.

शिल्पा मॅडमनी आप्पांना पुढे बोलावलं आणि माइक माझ्या हातात दिला. "आप्पांचं मनोगत तुम्ही सांगा."

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर माझी खोड मोडली असेल. पण माइक हातात आला की माणसाचं काहीतरी होतं.

आप्पांनी स्वतःच्या गळ्यावर बोट आडवं फिरवलं. मग माझा कान दोन बोटांत धरला आणि लोकांकडे बघून पंजा उताणा केला.

मी घसा साफ केला. "आप्पा म्हणतात, माझा आवाज गेला, पण हा माझा मुलगा माझे कान होऊन मला सांभाळतो."

माथाड्यांच्या रांगेतून असा हशा फुटला की मैदानातली कबुतरं उडाली. तुकारामकाका डोळे पुसत उठले आणि त्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"आवं, तसं न्हाई म्हनत त्यो. त्यो म्हंतोय, आपरेशन माज्या गळ्याचं झालं, आन् ऐकू येईना झालं ते माज्या पोराला."

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचे खांदे हसण्यानं गदगदा हलत होते, आणि हसता हसता ते मान डोलावत होते. भाषांतर अगदी अचूक होतं.