कावीळ आणि अठरा दिवस

कुवेतमधल्या आमच्या शुक्रवारच्या रक्तदान शिबिरात निर्मलाताई आल्या की आधी नोंदवहीत आडनावासकट आपलं नाव लिहीत, मगच कामाला हात लावत. "सेवेत नाव कशाला मिरवायचं?" असं कुणी कुजबुजलं की म्हणत, "मिरवत नाही बाबा, हजेरी लावतेय. आधी नाव, मग काम."

ताई कुवेतच्या सरकारी रुग्णालयात तीस वर्षं परिचारिका होत्या. गेल्या वर्षी निवृत्त होऊन गावी परतल्या. कृष्णाकाठच्या ज्या कॉलेजात त्या शिकल्या तिथेच, बऱ्याच वर्षांनी, मीही शिकले. तिथल्या सेवा मंडळाचे आम्ही वीसेक जुने सदस्य कुवेतमध्ये आहोत. ताई परतायच्या थोडं आधी मंडळाचा इतिहास छापायचं ठरलं, तेव्हा लिहायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजातून मागवलेल्या जुन्या नोंदवह्यांवरून मी पहिल्या सदस्यांची यादी केली. एकोणचाळीस नावं, सगळी मुलांची. मुलींना पुढे ठराव करून घेतलं, असं खाली लिहिलं.

छपाईच्या आदल्या दिवशी कुवेतच्या अब्बासिया भागातल्या माझ्या घरी ताईंनी ते पान वाचलं आणि चष्मा काढला.

"अगं, ठरावाच्या आधी दोन वर्षं आम्ही सात मुली राबत होतो. मुलींना सदस्य करायचे नाहीत, म्हणून आमचं काम मुलांच्या नावावर चढवायचे. पुराच्या छावणीत मी अठरा दिवस औषधं वाटली. कुणाच्या नावावर आहेत बघ."

पाहिलं. दिनकरराव. मंडळाचे आजचे अध्यक्ष.

मी तिथूनच त्यांना फोन लावला, स्पीकर सुरू ठेवून. सगळं ऐकून ते म्हणाले, "नोंदवहीत नाही ते छापता येणार नाही. उद्या कुणीही उठून सांगेल."

ताई पुढे झुकल्या. "दिनू, निर्मला बोलतेय. पुराच्या महिन्यात तू कुठे होतास?"

"घरी."

"का?"

"कावीळ झाली होती."

"मग छावणीत औषधं कोण वाटत होतं? तुझी कावीळ?"

पलीकडून आधी खोकला आला, मग हसू. "हरलो, निर्मला. माझं नाव खोडा."

"खोडायचं कशाला? एरवी केलंस की काम. त्या अठरा दिवसांत तुला कावीळ होती, एवढं छाप. आणि आम्हा सातजणींची नावं."

छपाई आठवडाभर थांबवली. ताईंनी नावं सांगितली, मी फोन केले. पाच जणी सापडल्या. सहावी, शैला, वारली होती. फोन तिच्या पुण्यातल्या मुलीने घेतला.

"आई? सेवा मंडळात?" ती म्हणाली. "काहीतरी चुकतंय तुमचं. आई असलं कधीच काही बोलली नाही."

ताई शेजारीच बसून ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बाळ, मी तुझ्या आईची मैत्रीण. वेळ आहे ना तुला? मग बस जरा," त्या म्हणाल्या आणि पहिल्या दिवसापासून सांगू लागल्या.