गरम बॉनेट

सदर इसम मध्यम उंचीचा, सावळ्या वर्णाचा, पन्नाशी ओलांडलेला असून चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून चौकटीत बसवण्याचे काम करतो. ओळखीची खूण : खिशात रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक. वैवाहिक स्थिती : विवाहित; पत्नीच्या तक्रारी प्रलंबित. विशेष प्रावीण्य : जुन्या स्पोर्ट्स कारची तपासणी. सदर इसमाने आजवर तपासलेल्या गाड्यांपैकी एकही निर्दोष आढळलेली नाही. व्यवहारात सदर इसमाची फसवणूक झाल्याची कोठेही नोंद नाही.

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त फसवणूक व्हायला आधी व्यवहार व्हावा लागतो, आणि तो काही झालेला नव्हता.

त्याला सगळे भिंग म्हणत. दुकानात डोळे तपासायचं कामही अधूनमधून त्याच्याकडे येई, आणि एखाद्या गिऱ्हाइकानं तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली की भिंगाच्या कपाळाला आठी पडे. बाहेर बसल्या बसल्या यानं पाठ तर केली नसेल? मग तो तक्ता फिरवून दुसरा लावी. तोही वाचला, तर मनात म्हणे, दोन्ही पाठ केलेत.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडीवेड्यांचा अड्डा भरे. एकानं आपली गाडी इतकी खाली बसवून घेतली होती की गतिरोधक आला की बायकोला उतरवून पलीकडे चढवावं लागे. दुसऱ्याच्या सायलेन्सरचा आवाज असा, की तो घरातून रागावून निघालाय की सहज, हे चार गल्ल्यांना कळे. ही मंडळी जुनी गाडी घेण्याआधी भिंगाला दाखवायला नेत. भिंग चुंबक काढून दारांवरून, मागच्या मडगार्डांवरून फिरवी. पत्र्याला चुंबक चिकटतं, पण ठोकर लपवायला रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली तर गळून पडतं. पडलं, की भिंगाचा चेहरा खुले. नाही पडलं, की तो गाडीखाली शिरे. मग एकूण अहवाल देई : "घेऊ नका." मंडळी मान डोलवत, आभार मानत, आणि गाडी घेत. वर्षानुवर्षं त्याच गाड्यांतून मजेत फिरत. भिंग अड्ड्यावर बसनं येई.

असं असलं तरी भिंगाच्या मनात एक गाडी होती. गडद हिरवी, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि दिवे असे की लावल्यावर पापण्या उघडल्यासारखे वर येत. तरुणपणी बसच्या खिडकीतून त्यानं ती एकदाच पाहिली होती. तसली गाडी बाजारात क्वचितच येई. आणि हल्ली भिंगाचे गुडघे कुरकुरायला लागले होते. अशा गाडीत बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणं, आणि उठणं म्हणजे त्याहून वाईट. डॉक्टर म्हणाला होता, "अजून थोडी वर्षं बरे चालतील." गुडघ्यांच्या बाबतीत भिंगानं कधी नव्हे तो दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. याचा अर्थ सरळ होता : आत्ता नाही घेतली, तर पुढे घेऊनही उपयोग नाही.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. मेहुण्याचं गॅरेज होतं.

"भाऊजी, तुमची हिरवी आलीय विकायला. पहिलाच मालक. गेला बिचारा. बायको विकतेय, पडदे शिवते ती. गाडीची देखभाल सगळी माझ्याच हातची."

भिंगानं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. जुन्या गाड्यांच्या धंद्यात 'एकच मालक आणि आता विधवा बायको' हे वाक्य इतक्या गाड्यांच्या काचेवर चिकटवलेलं त्यानं पाहिलं होतं, की तेवढे नवरे खरंच मेले असते तर शहर ओस पडलं असतं.

"त्यात तुझं काय?" त्यानं विचारलं.

"माझं काय म्हणजे?"

"म्हणजे तुला काय मिळणार?"

"तुमच्या शिव्या," मेहुणा म्हणाला. "ताईला द्या फोन."

बायकोनं फोनवर भावाचं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "जाऊन तर या. लग्नाआधी मला बघायला आलात तेव्हा खिशात चुंबक होतं का हो?"

"तेव्हा नव्हतं," भिंग म्हणाला.

"म्हणूनच जमलं."

पडदेवाल्या बाईंचं घर एका उताराच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे, बाजूला पत्र्याचं दार असलेलं गॅरेज. बाई लहानखुऱ्या, साठीच्या, तोंडात दोन टाचण्या धरून बोलणाऱ्या. त्यांनी दार वर सरकवलं, आणि आत ती होती. हिरवी. भिंगानं सरळ बॉनेटवर तळहात ठेवला.

बॉनेट गरम होतं.

हे ज्याला कळत नाही त्याला काहीच कळत नाही, असं भिंगाचं मत. इंजिनातली खोट दिसते ती गार इंजिन चालू करताना. तेव्हाच ते खडखडतं, निळा धूर सोडतं. लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो, मग म्हाताऱ्या इंजिनालाही तारुण्य येतं.

"चालू केली होतीत?" त्यानं अगदी सहज विचारलं.

"अं? हो, जराशी," बाई टाचण्यांमधून म्हणाल्या आणि दुसरीकडे पाहू लागल्या.

मग भिंगानं चुंबक फिरवलं. सगळीकडे चिकटलं. गाडीखाली शिरला, गंज नाही, गळती नाही. हे काही बरं लक्षण नव्हतं. चालकाच्या सीटवर एक जाड उशी होती, पुढच्या खोलीतल्या पडद्याच्याच फुलाफुलांच्या कापडाची. सीट फाटलेली असणार! त्यानं उशी उचलली. खाली सीट धडधाकट. मग उशी कशाला? सीट पार पुढे ओढलेली होती, आरसाही खाली वळवलेला. पुढच्या खोलीत टांगलेल्या फोटोतला नवरा तर चांगला सहा फुटी दिसत होता.

घरी परतताना बसमध्ये त्यानं सगळं जुळवलं. गाडी बाईंची नव्हतीच. कुणीतरी दलाल होता, बुटका, आणि त्यानं बाईंना पुढे केलं होतं.

"आणि त्या बाई?" बायकोनं विचारलं.

"भाड्यानं आणलेल्या असतील."

"शिलाई मशीनसकट?"

यावर भिंगानं विचार केला. मशीनला तेल दिलेलं होतं खरं.

त्यानं बाईंना फोन केला. पुढच्या रविवारी दहाला येतो, पण गाडी गार पाहिजे, सकाळपासून किल्लीला हात लावायचा नाही.

"बरं," बाई म्हणाल्या.

हे 'बरं' फार पटकन आलं. रविवारी दहाला बॉनेट गरम. त्याच्या पुढच्या रविवारीही गरम. एकदा तर टायरच्या खाचेत ओला चिखल होता आणि एक पान चिकटलेलं. भिंगानं ते पान काढून खिशात ठेवलं. बाईंनी ते पाहिलं. चहा मात्र दर वेळी द्यायच्या. तो चहाही चांगला असायचा, आणि त्याचंही त्याला नवल वाटे.

आडवारी दुकानात भिंगं घासताना त्याला ती गाडी दिसे. एकदा तर त्यानं एका मास्तरांच्या चौकटीत उजवं भिंग डावीकडे बसवलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. दुपारी त्यानं मेहुण्याला फोन लावला.

"खरं सांग, गाडी कोण चालवतं?"

"मला काय माहीत? घेऊन टाका ना, भाऊजी. तुम्ही कसली वाट बघताय?"

"मी वाट बघत नाहीये. छडा लावतोय."

"तुमचे गुडघे काय म्हणतात?"

भिंगानं फोन ठेवला.

शेवटी त्यानं सापळा लावला. रविवारी दहाची वेळ दिली आणि सकाळी आठलाच उतारावरच्या त्या गल्लीत जाऊन उभा राहिला. गॅरेजचं पत्र्याचं दार उघडं होतं. आत तेलाचा एक जुना डाग, भिंतीला टेकलेला झाडू, आणि गाडी नाही.

भिंगाला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. दलाल रंगेहाथ सापडणार होता. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाआड तो उभा राहिला. थोड्या वेळानं आवाज आला. आधी लांबून, मग उताराच्या वळणावर. वळणाआधी गिअर खाली उतरला, आणि तो उतरवताना ॲक्सिलरेटरला एक हलका, नेमका ठोका दिला गेला. इंजिन क्षणभर हसल्यासारखं वाजलं आणि चाकांशी जुळून गेलं. भिंगानं मान हलवली. हा नवशिक्या नव्हे. हा कसलेला दलाल आहे.

हिरवी गाडी वळणावरून आली, गॅरेजसमोर थांबली. दार उघडलं. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेल्या पडदेवाल्या बाई आतून उतरल्या, एकट्याच. गुडघ्यांवर हात न टेकता उतरल्या, हे भिंगानं टिपलं.

"अगं बाई!" त्याला पाहून त्या म्हणाल्या. "आठला येणार हे सांगायचं ना. सातलाच जाऊन आले असते."

"तुम्ही चालवता?"

"आता येते थोडी."

"आणि दलाल?"

"कोण दलाल?"

बाईंनी रुमाल सोडला. गाल वाऱ्यानं लाल झाले होते.

"हे होते तेव्हा मला स्टिअरिंगला बोटही लावू द्यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, क्लच जाळशील. परवाना माझ्याकडे मुलगी लहान होती तेव्हापासूनचा, पण चालवायची ती तिला शाळेत सोडायची डबडी गाडी. तुम्ही पहिल्यांदा येणार होतात ना, त्या दिवशी वाटलं, आता जाणारच आहे गाडी, तर एकदा गल्लीतून एक फेरी मारावी. शेवटची. मारली. तीनदा बंद पडली. मग तुम्ही आलात, आणि घेतली नाहीत."

"बॉनेट गरम होतं," भिंग म्हणाला.

"म्हणून मग पुढच्या रविवारी पुन्हा शेवटची फेरी. दर रविवारी वाटायचं, आज हा माणूस नेणार. तुम्ही काही नेईनात. तोवर तळ्यापर्यंत जायला लागले मी. गेल्या रविवारपासून तो ठोका जमतोय, गिअर उतरवताना."

"चांगला जमलाय," भिंगाच्या तोंडून गेलं. मग तो घाईनं म्हणाला, "मी घेतो गाडी. आत्ता. तुम्ही म्हणाल त्या किमतीला."

इतक्या वर्षांत हे वाक्य तो पहिल्यांदा बोलत होता, त्यामुळे ते जरा मोठ्यानं आलं. पलीकडच्या घराची खिडकी उघडली. बाईंनी किल्ली मुठीत धरली.

"तुम्ही पहिल्याच दिवशी हो म्हणाला असतात, तर दिली असती," त्या म्हणाल्या. "मनापासून दिली असती. वाईट वाटून घेऊ नका हं. पण आता नाही."

"दुसरं कुणी जास्त देतंय का?"

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. डोळे तपासताना तो गिऱ्हाइकांकडे पाही तसं.

"बसा," त्या म्हणाल्या. "स्टॉपपर्यंत सोडते."

तो शेजारच्या सीटवर बसला. बसताना गुडघा करकरला. बाईंनी उशी सारखी केली, आरसा पाहिला आणि उतारावरून गाडी सोडली. तळ्याकडचं वळण आलं तशी भिंगानं मान वाकवून कान दिला. इंजिनातल्या चेनचा आवाज नाही. बेअरिंगचा नाही. आरशातून मागे पाहिलं, धूर नाही. बाईंनी काही कारण नसताना, भर उजेडात, दिवे लावले. समोर दोन पापण्या वर आल्या. भिंगानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

स्टॉपवर उतरताना बाईंनी त्याच्या दाराशी येऊन, हात देऊन त्याला वर ओढलं.

घरी बायकोनं ताट वाढून ठेवलं होतं. त्याचा चेहरा पाहून ती चेष्टा करायची विसरली. "काय झालं?"

"विकत नाहीयेत."

"अहो, मग कशी होती ती? शेवटी बसलात तरी ना?"

भिंगानं खिशातला रुमाल काढला, त्यातलं चुंबक टेबलावर ठेवलं. त्याबरोबर एक वाळकं पानही पडलं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला. "एवढी चांगली गाडी कुणी विकायला काढत नाही."

"पण त्यांनी नाहीच विकली की हो."

तो जेवायला बसला.

पुढच्या महिन्यात बाईंनी गाडी मेहुण्याच्या गॅरेजात आणली, सीट कायमची दोन बोटं उंच करून घ्यायला. मेहुण्यानं त्या निमित्तानं ती पूर्ण तपासली. सकाळी, गार असताना. गाडीत काही खोट नव्हती.