काचमावशीला मिळालेली परवानगी

आमच्या शाळेत चष्मा लावून कुणीही आलं की काचमावशी आधी त्याचा चष्मा काढून घेते, फडक्यानं पुसते, परत नाकावर ठेवते आणि मग विचारते, "कोण हवंय?" पालक असोत नाहीतर तपासणीला आलेले साहेब. मी इथला क्लार्क. माझा चष्मा दिवसातून चारदा पुसला जातो. सांगून काही उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी. तिची नेमणूक झाडलोटीसाठी आहे, पण काच दिसली की बाईला दुसरं काही सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिसरीत एक मुलगी आली. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा गळा आतून सुजायचा, श्वास कोंडायचा. तिची आई पहिल्याच दिवशी डबी घेऊन आली. डबीत इंजेक्शनची दोन पेनं आणि एक सरावाचं, बिनसुईचं.

"ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली की वाट बघायची नाही," आई शिक्षकांच्या खोलीत सांगत होती. "टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच दाबायचं, दहापर्यंत मोजायचं. लगेच ॲम्ब्युलन्स. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरं. आणि हात जोडते, कुलपात ठेवू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खेळाच्या सरांनी सरावाचं पेन उलटं धरून स्वतःच्याच अंगठ्यात दाबलं आणि सोपं आहे म्हणाले.

मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, स्वभावानं वाईट नाहीत. पण एवढी मोलाची वस्तू उघड्यावर ठेवायची या कल्पनेनंच त्यांना घाम फुटला. दोन्ही पेनं चषकांच्या काचेच्या कपाटात गेली, धावण्याचा चषक आणि सुंदर बागेचा चषक यांच्या मधोमध. वर कुलूप. रीतसर उद्घाटन झालं, बाईंनी फीत कापली, भाषण मीच लिहून दिलं. किल्ली बाईंच्या पर्समध्ये, पर्स खणात, खणाची किल्ली उपमुख्याध्यापकांकडे. शिवाय एक वापर नोंदवही: तारीख, नाव, कारण, मंजुरीची सही. तिच्या रेघा मी पट्टीनं आखल्या. सुबक वही झाली होती, उगाच का नाही म्हणू?

सरावाचं पेन कुणालाच नको होतं, ते काचमावशीनं उचललं. झालं, शाळेवर संक्रांत आली. टेबलाचे पाय, गुंडाळलेली सतरंजी, आणि मी दाखले लिहीत असताना माझी मांडी, जिथं तिथं पेन दाबून सराव. मी ओरडलो तर म्हणायची, "भाऊ, हलू नका, मोजणी चुकते." भिंगरी तिची परीक्षक. मधल्या सुट्टीत ही पोरगी कॉरिडॉरमध्ये धाडकन आडवी पडायची. खेळाचा नियम असा की तिनं बोलायचं नाही. फक्त मावशीचा हात धरून आपल्या मांडीवर ठेवायचा. मावशीनं दाबायचं आणि दहापर्यंत मोजायचं. मावशी घाईघाईनं मोजायची, म्हणून पोरीनं तिला अकरा वेळा नापास केलं. बाराव्यांदा पास झाली तेव्हा मावशीनं ऑफिसात सगळ्यांना गोळ्या वाटल्या.

आणि मग गेल्या महिन्यात वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता. बिस्किटं वाटली. आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

मावशी स्टुलावर उभी राहून झरोका पुसत होती. भिंगरी वर्गातून बाहेर आली. ओठ सुजलेले, मानेवर लाल चट्टे. काही बोलायला गेली तर नुसती घरघर. ती खाली बसली, मग आडवी झाली. मावशी उतरली. पोरीनं तिचा हात धरला आणि मांडीवर ठेवला.

मावशीनं बादली पालथी घालून पोरीचे पाय त्यावर ठेवले, वर्गबाईंना तिच्यापाशी बसवलं आणि मला हाक मारली. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, तेवढं तरी केलं. मग मोठ्या बाई उपमुख्याध्यापकांना शोधत जिन्यावर, उपमुख्याध्यापक बाईंना शोधत मैदानावर, खेळाचे सर पेन कसं धरायचं ते आठवत उभे. आणि मी? मी नोंदवही काढली. त्यात शेवटच्या रकान्याची रेघ राहिली होती. मी पट्टी शोधत होतो. पोरीचा श्वास शिट्टीसारखा ऐकू येत होता आणि मी, दोन लेकरांचा बाप, पट्टी शोधत होतो.

मावशी कपाटापाशी गेली. ती काच तिनं दोन वर्षं रोज पुसली होती. काच धरून ठेवणारी खालची लांबी कधीच निघालीय हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? तिनं दोन्ही तळवे काचेवर टेकवले, वर ढकलली, अख्खी काच बाहेर घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. टवकासुद्धा उडाला नाही. टोपण काढून पेन दाबलं. "एक. दोन." सावकाश मोजलं, पास होण्याइतकं सावकाश. पाच मिनिटं झाली तरी शिट्टी थांबेना, म्हणून दुसरं. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. त्यानंतर मोठ्या बाई किल्ली घेऊन आल्या.

भिंगरी वाचली. एक रात्र दवाखान्यात काढून तिसऱ्या दिवशी वर्गात हजर.

चौथ्या दिवशी मावशीला मेमो. कपाटाची काच कोणाच्या परवानगीनं काढली, लेखी खुलासा द्यावा. टाईप मीच केला, मला लाज नाही. खुलासाही मलाच लिहायचा होता. मावशी समोर बसली, माझा चष्मा पुसून परत नाकावर ठेवला.

"काय लिहू, मावशी?"

"खरं तेच लिहा. पोरीनं माझा हात धरून मांडीवर ठेवला. तीच परवानगी."

मी तसंच लिहिलं. मोठ्या बाईंनी ते उभ्यानंच वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून हातात धरून बसल्या. मावशीनं तो घेतला, नीट कोरडा केला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. मेमोचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता नवी पेनं टोपलीत असतात, वर्गाच्या दाराशी, हात पोचेल अशी. मावशी रोज सरावाचं पेन माझ्या मांडीत खुपसते. मी ओरडत नाही, हलतही नाही, दहापर्यंत मोजतो. पट्टी मी टेबलावरून काढून टाकली आहे. रेघा हातानंच मारतो, वाकड्या येतात.