इस्त्रीखालची वाटी

इस्त्रीवालीला रागावायला कारण लागत नसे, पण त्या दिवशी होतं. समोरच्या खानावळीतल्या प्लास्टिकच्या वाट्यांनी गटार तुंबलं होतं, आणि त्या काढायला छातीएवढ्या घाणीत उतरला होता तिचा स्वतःचा नवरा. मागच्या महिन्यात आत चक्कर येऊन पडला, तेव्हा दोघांनी दोरीनं ओढून वर काढला होता.

इस्त्री बाजूला ठेवून ती तरातरा रस्ता ओलांडून गेली. "काका, या वाट्या बंद करा."

खानावळवाला हसला. "मग लोकांना सूप काय ओंजळीत वाढू? जेवण होईस्तोवर गळणार नाही अशी वाटी आण. त्या दिवशी प्लास्टिक बंद. नाही जमलं, तर परत माझ्या दारात तोंड उघडायचं नाही."

"बघाच तुम्ही!"

शाळा तिनं अर्ध्यात सोडलेली; पण सुती कापड म्हणजे झाडाचाच धागा, हे हातांना पाठ होतं. भाजीबाजारात फेकलेली मक्याच्या कणसांची सालं तिनं पोतंभर उचलली, धुण्याच्या सोड्यात उकळली, धोपटण्यानं बडवून लगदा केला. तो स्टीलच्या दोन वाट्यांमध्ये दाबून वर कोळशाची तापलेली इस्त्री ठेवली. वाटी झाली देखणी. गरम पाणी ओतलं, तर दहा मोजेपर्यंत बुडाला पाझर!

अशा अकरा वाट्या गळल्या.

"वहिनी, चाळणी म्हणून विका की," नणंद म्हणाली. "हातोहात जातील."

"तू आधी तुझी जीभ चाळून घे."

बाराव्या वेळी हातानंच घोटाळा केला. शेजारी कॉलरींसाठी कालवलेली खळ होती. इस्त्री चिकटू नये, कॉलरीला तजेला यावा, म्हणून सासूनं शिकवल्याप्रमाणे खळ शिजवतानाच तीत वाटाण्याएवढं मधाच्या पोळ्याचं मेण विरघळवलेलं. इस्त्रीआधी समोर येईल त्यावर खळ शिंपडायची, ही वीस वर्षांची खोड. लगद्यावरही शिंपडली!

"अगं बाई, हे काय केलं मी!" पण इस्त्री चरचरली होती. आता कुठं फेकायचं?

वाटी निघाली ती कॉलरीसारखी चकाकत. पाणी ओतलं. दहा मोजले. शंभर मोजले. नणंदही जवळ सरकली. गुडघ्यांवर हनुवट्या टेकून दोघी बघत बसल्या. पाणी गार झालं, तरी वाटीखाली अंथरलेला कागद कोरडा ठणठणीत. सासूला जाऊन सात वर्षं झालेली. इस्त्रीवालीनं नकळत खळीच्या भांड्याला हात जोडले.

खानावळवाल्यानं वाटीत स्वतः कढत सूप ओतलं आणि मुद्दाम सगळ्यात रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकापुढं ठेवलं. त्या गृहस्थानं आख्खं वर्तमानपत्र वाचत ते संपवलं. काकांनी टेबलावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, पुन्हा फिरवलं.

"रोज किती करशील?" एवढंच बोलले.

पावणेदोन महिन्यांनी नवरा कामावरून आला, तो कपडे कोरडे.

"गटाराच्या तोंडाशी अडकली होती तुझी एक वाटी," तो म्हणाला. "उतरायच्या आधी वरूनच काठी लावली, तर विरघळली गं! चार धागे राहिले, तेही पाण्याबरोबर गेले. मी तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं गटारात काढली, पण आपणहून निघून गेलेलं काही बघितलं नव्हतं."

तिनं त्याच्या कोरड्या बाहीवरून हात फिरवला.